ओळखीतली दोन नावं

तुम्हाला कोणी अचानक फोन करून म्हटलं, "तुमच्या ओळखीतली दोन नावं सांगा," तर तुम्ही कोणाची सांगाल?

लगेच सांगू नका. मी हा प्रश्न बावीस वर्षं लोकांना विचारते आहे, आणि झटकन उत्तर देणारे फार थोडे भेटले. एका गृहस्थांनी मात्र जराही न थांबता सासूबाईंचं आणि घरमालकाचं नाव दिलं. मी म्हटलं, रक्तदानासाठी हवी आहेत बरं का नावं. ते म्हणाले, "म्हणून तर दिली. दोघांचंही थोडं कमी झालं तर बरंच होईल!"

असे किस्से साठत जातात. मुद्दाम कोणी साठवत नाही. शिलाई मशीनच्या खणात सुटी बटणं जमतात, तसे जमतात. एक शोधायला जावं तर भलतंच हाती लागतं. परवा आमच्या ऑफिसातलं जुनं लाकडी कपाट रिकामं केलं, टेबलावरची काचही उचलली, तेव्हा माझं तसंच झालं. हातात आलं एक कार्ड, मागची बाजू कोरी असलेलं. त्या कार्डाचं शेवटी सांगते. आधी बाकीची बटणं.

धंतोलीत एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथे आमचं रक्तदात्यांचं मंडळ. आजूबाजूला दवाखानेच दवाखाने. यवतमाळ, गडचिरोली, कुठून कुठून पेशंट येतात आणि त्यांचे नातेवाईक आमचा जिना चढतात. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. मुलगी दुसरीत गेली तेव्हा मी इथे फोनवर बसले, ती अजून बसलेली आहे.

मंडळाची एक रीत आहे. जो पहिल्यांदा रक्त देतो, त्याचं कार्ड करायचं, आणि त्याच्याकडून ओळखीतली दोन नावं घेऊन कार्डाच्या मागे लिहायची. मग त्या दोघांना फोन. ते आले की त्यांचीही कार्डं, त्यांचीही दोन-दोन नावं. म्हणजे एक कार्ड दुसऱ्याकडे बोट दाखवतं, दुसरं तिसऱ्याकडे. कोणाचा नंबर बदलला, घर बदललं, तर ज्यानं नाव दिलं त्याला विचारायचं. आणि वर्षातून एकदा फेरी. पहिल्या कार्डापासून निघायचं, नावाला नाव धरत सगळ्यांना फोन करायचे. आहात ना? तब्येत बरी ना? नंबर हाच ना?

तर या फेऱ्यांच्या या गोष्टी.

*

पहिलं कार्ड मधुकररावांचं. मंडळ त्यांनीच उभं केलं. आयुष्यभर पोस्टात सॉर्टिंगला होते, त्यामुळे कपाटाचे खणही त्यांनी पोस्टासारखेच करून घेतले होते.

फेरीची त्यांची पद्धत अशी, की एक धागा धरला की शेवटपर्यंत सोडायचा नाही. एका कार्डामागचं पहिलं नाव, त्याच्यामागचं पहिलं नाव, त्याच्याही मागचं पहिलं. धागा संपला की एक पाऊल मागे, आणि तिथलं दुसरं नाव. माझी पद्धत उलटी. मी आधी जवळची सगळी नावं संपवायची, मग त्यांच्या पलीकडची, मग त्याच्याही पलीकडची. रांगोळी मधल्या ठिपक्यापासून बाहेर वाढवत नेतो, तशी.

एकदा एका बाळंतिणीसाठी रक्त हवं होतं आणि फोन मधुकररावांनी घेतला. धागा धरला. धंतोलीतून वर्ध्याला गेले, वर्ध्याहून हिंगणघाटला, तिथून चंद्रपूर, आणि शेवटी बल्लारशाच्या एका गार्डसाहेबांना गाठलं. ते बिचारे म्हणाले, "मी येतो हो, पण पोचायला संध्याकाळ होईल. तुमच्या खालीच माझा साडू बसतो औषधाच्या दुकानात. त्याचाही तोच ग्रुप आहे, त्याला विचारलं का?"

मी जिन्यातून हाक मारली. साडू हातातली पट्टी काउंटरवर ठेवून वर आला.

त्यावरून मी मधुकररावांना पुष्कळ दिवस छळलं. त्यांनी परतफेड केली ती माझ्या कार्डावरून. मला कधीच रक्त देता आलं नाही. माझं हिमोग्लोबिन बारावी नापास मुलासारखं, दरवर्षी थोडक्यात राहतं. रक्त नाही म्हणून कार्ड नाही. मधुकरराव आल्यागेल्याला सांगायचे, "या सुनंदाबाई. या आमच्या टेलिफोन एक्स्चेंज. सगळ्यांना जोडून देतात. एक्स्चेंजला स्वतःचा नंबर नसतो."

सगळे हसायचे. मीही हसायचे.

*

टिकल्यांची गोष्ट आमच्या मंडळाबाहेर कोणाला खरी वाटत नाही.

सुरुवातीच्या एका फेरीत मी एका शिक्षकांना सकाळी फोन केला. दुपारी केला. चारच्या सुमाराला पुन्हा केला. तिसऱ्यांदा ते अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, मला कावीळ झाली आहे. सकाळीही झाली होती. दुपारीही होती." झालं असं, की त्यांचं नाव तीन वेगळ्या लोकांनी दिलं होतं. मी तीन वाटांनी त्यांच्यापाशी पोचले आणि प्रत्येक वेळी नवीनच समजले.

दुसऱ्या दिवसापासून फोन झाला की मी कार्डाच्या कोपऱ्यात टिकली लावायला लागले. पर्समध्ये पाकीट असायचंच. टिकली दिसली की समजायचं, इथे येऊन गेलो, पुढे चला. मधुकरराव म्हणाले, "चांगलं केलंत. आता पुरुषांनाही सौभाग्य लाभलं."

दर वर्षी रंग बदलायचा, म्हणजे जुनी टिकली राहून गेली तरी घोटाळा नको. एका वर्षी सीताबर्डीच्या दुकानदारानं मला पुन्हा मरून पाकीट दिलं आणि माझ्याही लक्षात आलं नाही. कार्डं काढते तर निम्म्यांवर मरून टिकल्या आधीच लागलेल्या! मला वाटलं, मधुकररावांनी हातभार लावला. त्यांना वाटलं, मी घरी नेऊन काम केलं. फेरी चार दिवसांत संपली. सचिव साहेबांनी सभेत माझं कौतुक केलं आणि नारळ दिला.

पुढे दोन महिन्यांनी लोकच फोन करून विचारायला लागले, यंदा तुमचा फोन नाही आला. नारळाची बर्फी करून मी सगळ्यांना वाटली होती, त्यामुळे परत कोणी मागितला नाही.

*

त्या विचारणाऱ्यांमध्ये मेश्राम दादाही होते. पण त्यांनी फोन केला नाही. ते स्वतः आले.

मेश्राम दादा बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत फिटर. राहतात तिथेच, एका खोलीत, एकटे. फार वर्षांपूर्वी मिलमधल्या एकाचा हात मशीनमध्ये सापडला, त्याला घेऊन ते धंतोलीत आले होते. आतून निरोप येईपर्यंत काय करायचं म्हणून आमची पाटी वाचत वर चढले आणि रक्त देऊन मोकळे झाले. ओ निगेटिव्ह. कोणी नाव न देता आलेला तो आमचा एकटा माणूस.

रीतीप्रमाणे मी दोन नावं विचारली. त्यांनी शर्टाची बाही खाली करून बटण लावलं. मग म्हणाले, "नाही जी, मले कोणी नाही."

मी म्हटलं, कामावरचे कोणी सांगा.

"कामावरचे आहेत. पण ओळखीतला म्हंजे कसा, आपण बिमार पडलो त ज्याले सांगतो, तो. तसा कोणी नाही."

मी कार्डाची मागची बाजू कोरी ठेवली. दुसरीकडून त्यांच्याकडे बोट दाखवणारंही कार्ड नव्हतं, म्हणून कुठल्याच वाटेनं गेलं तरी ते फेरीत यायचे नाहीत. मी ते कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलं. फेरीतला शेवटचा फोन मी आठवणीनं त्यांना करायची. ते दुसऱ्या रिंगला उचलायचे, कधीही केला तरी. "फेरी संपली का, बाई?" विचारायचे. मी हो म्हटलं की म्हणायचे, "आहे जी मी. लिहून घ्या."

मरून टिकल्यांच्या वर्षी काचेखालच्या कार्डावरही जुनी टिकली होती. दादांनी दोन महिने वाट पाहिली. मग अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून बसनं आले, चप्पल दाराबाहेर काढली आणि उभ्यानंच विचारलं, "माहं नाव काटलं का जी?"

मी म्हटलं, नाही हो दादा, चूक झाली. कार्ड काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून स्वतःचं नाव वाचलं, मग बसले, मग पाणी प्यायले. एकदा त्यांना टायफॉइड झाला, तेव्हा आपणहून मला फोन करून सांगितलं होतं, की बाई, तीन आठवडे झाले, आत्ता रक्त देता यायचं नाही. मी कार्डावर तारीख लिहिली आणि फोन ठेवला.

*

प्रणाली आमच्याकडे आली दोन वर्षांपूर्वी. मिहानमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करते, शनिवारी सुट्टी असते. तिच्या वडिलांच्या ऑपरेशनला आमच्याकडून रक्त गेलं होतं, म्हणून म्हणाली, तुमची सगळी कार्डं मी कॉम्प्युटरवर घेऊन देते.

तिनं मला पांढऱ्या फळ्यावर समजावलं. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. ज्यानं ज्याचं नाव दिलं, त्या दोघांमध्ये एक रेष. या ठिपक्यांवरून त्या ठिपक्यांवर प्रोग्राम चालत जाईल आणि पुढचा फोन कोणाला करायचा ते सांगेल. मी म्हटलं, अगं, मग हेच तर आम्ही करतो. ती म्हणाली, "हो ना काकू. पण हा दमत नाही."

पहिल्या शनिवारी प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर नावं यायला लागली. मधुकरराव, मग त्यांचे शेजारी, मग लता वानखेडे, मग शोभा वानखेडे, मग लता वानखेडे, मग शोभा, मग लता, मग शोभा. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. प्रणाली घाईनं काहीबाही दाबायला लागली. मी चहा ठेवून आले तरी लता आणि शोभाच चालू होत्या.

या दोघी जावाजावा. एकीनं दुसरीचं नाव दिलेलं, दुसरीनं पहिलीचं. मी प्रणालीला म्हटलं, तुझ्या प्रोग्रामची काही चूक नाही बाई. त्या दोघी एकमेकींच्या फोनवर लागल्या की खरोखर असंच होतं, घरचेसुद्धा थांबवू शकत नाहीत.

मग मी पर्समधून पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, याला टिकली लावायला शिकव.

ती आधी हसली, मग हसायची थांबली. माझ्याकडून सगळी रीत नीट विचारून घेतली, कार्डावर टिकली कधी लावायची, फोनच्या आधी की नंतर, आणि लावलेली दिसली तर काय करायचं. पंधरा मिनिटांत तिनं दोन-तीन ओळी घातल्या. आता लता एकदा आली, शोभा एकदा आली, आणि प्रोग्राम पुढच्या आळीत गेला. त्या खुणेचं नाव तिनं कोडमध्ये टिकलीच ठेवलं आहे. एक खरी टिकली लॅपटॉपच्या कोपऱ्यातही लावली आहे. तिचे ऑफिसातले साहेब विचारतात म्हणे, हे काय? ती सांगते, सिक्युरिटी.

*

मधुकरराव तोपर्यंत पुण्याला मुलाकडे गेले होते. गुडघे गेले, आमचा जिना सुटला. पण दर शनिवारी फोन असायचा. कपाट कोणी हलवलं नाही ना, विचारायचे.

एकदा मी प्रणालीला आमचं जुनं भांडण सांगितलं, त्यांचा धागा आणि माझी रांगोळी. ती खुर्चीत सरळ बसली. म्हणाली, "काकू, या दोन्ही पद्धती आम्हाला कॉलेजात शिकवतात. परीक्षेला येतात."

त्या दिवशी घरी जाताना मी मुलीसाठी संत्रा बर्फी घेतली.

प्रणालीनं दोन बटणं केली. एकावर मधुकररावांचं नाव, एकावर माझं. एकाच कार्डापासून दोन्ही फेऱ्या सोडायच्या ठरल्या. मधुकररावांना फोन लावून स्पीकरवर ठेवलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण सॉर्टिंगचा रुबाब तोच. म्हणाले, "माझं बटण आधी दाबा. वयानं मोठा आहे."

दोन्ही फेऱ्या झाल्या. प्रणालीनं आकडे बघून सांगितलं. दोन्ही फेऱ्यांत तितकेच लोक आले, एकही कमीजास्त नाही. कोणाला रक्त लवकर हवं असेल तर काकूंची पद्धत बरी, पण वर्षाच्या फेरीत दोघेही सगळीकडे पोचता, फक्त क्रम वेगळा.

मधुकररावांनी आकडे पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आपण भांडलो ते कशासाठी?"

मी म्हटलं, "वेळ छान गेला ना."

"ते मात्र खरं," ते म्हणाले.

*

सगळीकडे पोचता असं प्रणाली म्हणाली खरं, पण चौदा कार्डं राहिली होती. दोन्ही पद्धतींनी तीच चौदा. त्यांच्याकडे जाणारी रेषच नव्हती; बहुतेकांची नावं देणारी कार्डं कधीचीच गहाळ झाली होती.

सचिव साहेब माणूस वाईट नाही, पण नियमाचा पक्का. त्यांनी ठरवलं, कपाट रिकामं करायचं, आणि फेरीत जे येणार नाहीत त्यांची नावं यापुढे यादीत नाहीत. मी म्हटलं, असं कसं? ते म्हणाले, "सुनंदाबाई, ज्याला आपल्यातलं कोणीच ओळखत नाही, त्याला ऐन वेळी शोधायचं कोणी?" तेही खोटं नव्हतं. मी एकेक नंबर लावत गेले. तेरा खरंच गेलेले निघाले. कोणी वारले होते, कोणी गाव सोडून गेले होते, काही नंबर दुसऱ्याच कोणाचे झाले होते.

चौदावं कार्ड मेश्राम दादांचं.

प्रणाली म्हणाली, मी त्यांना नुसतं हातानं यादीत टाकते. पण हातानं टाकलेलं नाव पुढच्या फेरीत पुन्हा गळणार, आणि पुढच्या वर्षी इथे मी असेन की नाही, प्रणाली असेल की नाही, कोणी सांगावं. मेश्राम दादांना वर्षातून एक फोन यायचा. तो कॉम्प्युटरच्या हिशेबात कुठेच नव्हता.

शनिवारी दुपारी मी त्यांना फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. मी सगळं सांगितलं. म्हटलं, दादा, आता नाव द्यावं लागतं. एक तरी. ज्याचं कार्ड आमच्याकडे आहे किंवा होऊ शकेल असं कोणीही.

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. ते चालत कुठेतरी बाहेर आले असावेत, कारण तो आवाज कमी कमी होत गेला.

"तुमचं टाकलं त चालन का?" त्यांनी विचारलं.

स्पीकर चालू होता, प्रणाली आणि सचिव साहेब ऐकत होते. मी म्हटलं, चालेल दादा. पण नावं दोन लागतात.

"दुसरं पुढच्या सालात सांगतो जी," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर सचिव साहेब म्हणाले, सगळं खरं, पण बाईंचं कार्डच नाही. त्यांनी कधी रक्त दिलेलं नाही. मी मान हलवली. बरोबरच होतं.

प्रणालीनं लॅपटॉपवरून मान वर केली नाही. म्हणाली, "साहेब, ठिपका व्हायला हिमोग्लोबिन लागत नाही."

सचिव साहेबांनी नियमांची वही काढली. पुढून वाचली, मागून वाचली. कार्ड कोणाचं असावं याबद्दल मधुकररावांनी तिच्यात काहीच लिहिलं नव्हतं. साहेबांनी वही मिटली. म्हणाले, "एकपासून पुढचे नंबर रक्त देणाऱ्यांचे. शून्य शिल्लक आहे. घेता का?"

जुन्या गठ्ठ्यात एक कोरं कार्ड सापडलं. प्रणालीनं त्यावर शून्य नंबर घातला, माझं नाव लिहिलं, घरचा पत्ता लिहिला. मग कार्ड उलटं केलं, पेन हातात धरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हं काकू. ओळखीतली दोन नावं सांगा."

बावीस वर्षांत कोणी इतका वेळ घेतला नसेल.

मग मी पहिलं नाव मेश्राम दादांचं सांगितलं, दुसरं मधुकररावांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला प्रणालीनं फेरी शून्य नंबरपासून सुरू केली. यादीत सगळ्यात वर बुटीबोरीचा नंबर आला. मेश्राम दादांनी दुसऱ्या रिंगला उचलला आणि विचारलं, "फेरी संपली का, बाई?" मी म्हटलं, "नाही दादा, आता सुरू होऊन राहिली." आणि नव्या पाकिटातली पहिली हिरवी टिकली मी त्यांच्या कार्डाला लावली.